पान चारशे बारा

"चारशे बारा नंबरचं पान आम्हाला काही कळलं नाही," आयोगाचे सचिव फोनवर म्हणाले.

शिक्केताईंनी फोन मान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि याद्यांची फाइल पुढ्यात ओढली. "पुलाच्या देखभालीचे कागद आहेत ते. तीनशे नव्वद ते चारशे तीस."

"देखभालीचं आहे खरं, पण पुलाच्या नाही. वाचून दाखवू? एक, सासूबाईंचा चष्मा. दोन, गच्चीवरची टाकी. तीन, धाकट्या जाऊबाईंचा फोन आला तर मी घरी नाही." सचिवांनी घसा साफ केला. "चार, शुक्रवारी ताप. गुरुवारी दुपारपासून खोकायला सुरुवात करणे. याचा पूल खचण्याशी नेमका संबंध काय?"

शिक्केताईंना दरदरून घाम फुटला. अक्षर न बघताही त्यांनी ते ओळखलं होतं.

नदीवरचा पायी जायचा पूल गेल्या वर्षी भर सकाळी मधोमध खचला. नशिबाने जीव कोणाचा गेला नाही, पण सतरा माणसं पाण्यात पडली आणि दवाखान्याचा एक अख्खा वॉर्ड मोडक्या हाडांनी भरला. सरकारने स्वतंत्र चौकशी आयोग नेमला, त्यावर एका निवृत्त न्यायमूर्ती बाईंना बसवलं आणि आयोगाला लागतील ते कागद पुरवायला पूल खात्यातच एक कक्ष उघडला. कक्ष म्हणजे दोन टेबलं, तीन कपाटं, एक साहेब आणि शिक्केताई. त्यांचं पाळण्यातलं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. नंबर मारायचं यंत्र हातात आलं की त्यांची जी तंद्री लागायची, ती बघून खात्याने त्यांचं नवं बारसं केलं होतं.

आयोगाकडे जाणाऱ्या प्रत्येक मूळ कागदावर नंबर पडायचा, आणि एकदा नंबर पडला की तो कागद ब्रह्मदेवालाही परत मिळायचा नाही. नियम चांगला होता. खात्याने एखादं अडचणीचं पान हळूच काढून घेऊ नये म्हणूनच तो केला होता. फक्त, खात्यातल्या बाईंना अडचणीचं पान आत जाईल हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

शिक्केताईंनी त्याच दुपारी कागद परत मिळावा म्हणून अर्ज लिहिला आणि साहेबांच्या सहीसाठी पुढे ठेवला.

"कसला कागद आहे?" साहेबांनी विचारलं.

"खासगी आहे, साहेब. घरकामाची यादी. चुकून गेली."

"मग राहू द्या की. आयोग काय तुमच्या घरची टाकी धुवायला येणार आहे?"

"टाकीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सचिवांचा मलाही फोन आला होता," साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "पूर्ण वाचून दाखवली त्यांनी. त्या शुक्रवारी मी तुम्हाला 'जपा, वाफ घ्या' म्हणून निरोप पाठवला होता, बाई."

शिक्केताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर साधा शेरासुद्धा नव्हता. आता खोट्या रजेचा पुरावा, स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच नंबर मारून, त्यांनी एका न्यायमूर्तींच्या ताब्यात दिला होता. दुसऱ्या कोणी असला प्रताप केला असता तर त्या वर्षभर हसल्या असत्या.

साहेबांनी सही केली, पण भीत भीतच. त्यांची भीती निराळी होती. "पुलाबद्दल खात्याकडे कधीही, एकही तक्रार आली नव्हती," असं प्रतिज्ञापत्र त्यांनी आयोगाला दिलं होतं. दिलं होतं ते शोधून पाहूनच. कपाटं पाहिली, फायली पाहिल्या. पूल खचण्याआधीच्या वर्षांच्या आवक वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या, त्यामुळे त्या पाहायचा प्रश्न नव्हता. आता एक कागद परत मागायचा म्हणजे विनाकारण संशयाला आमंत्रण.

आमंत्रण लगेच स्वीकारलं गेलं. नियमाप्रमाणे अर्जाला ४१२-अ नंबर मिळाला. यादी खासगीच आहे कशावरून, असं विचारणारं आयोगाचं पत्र ४१२-आ झालं. हस्ताक्षराचा नमुना ४१२-इ, आणि शिक्केताईंचा "सदर यादीतील सासूबाई या माझ्याच सासूबाई होत" असा खुलासा ४१२-ई. बुधवारपर्यंत त्या एका पानाचं चांगलं भरलेलं कुटुंब झालं. जखमींच्या वकिलांनी ही प्रजा पाहिली आणि कान टवकारले. खातं एका पानासाठी एवढं जीव टाकतंय, त्या अर्थी त्या पानात काहीतरी असणारच! त्यांनी मागणी केली की पान चारशे बारावर जाहीर सुनावणी घ्यावी.

सुनावणी गुरुवारी ठरली.

"आई, नोकरी जाते आता माझी," घरी आल्यावर शिक्केताईंनी सासूबाईंपुढे सगळं ओकून टाकलं.

"शुक्रवारचा ताप म्हणजे माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस ना?" सासूबाईंनी हातातले पत्ते खाली ठेवले. "आली नसतीस तर मी एकटी काय चाचपडत गेले असते? सांग की सरळ."

"सासूच्या डोळ्याला रजा मिळत नाही. स्वतःच्या तापाला मिळते."

"मग तेही सांग. खोटं बोलायला खुशाल खोकलीस, आता खरं बोलायला घसा कशाला बसतोय? मी येते सोबत. नव्या डोळ्यांनी न्यायमूर्ती बघते जरा."

सुनावणीच्या दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. कुबड्या घेतलेली माणसं पुढच्या रांगेत होती. त्यांच्याकडे नजर गेली आणि शिक्केताईंना आपल्या तापाची फार लाज वाटली. इतके दिवस त्या या माणसांचे कागद मोजत होत्या, माणसं आज पहिल्यांदा पाहत होत्या.

"ही यादी तुमची?" न्यायमूर्तींनी विचारलं. आवाज शांत होता.

"हो, मॅडम. आणि ताप खोटा होता. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून."

"एकदम यशस्वी झालं!" मागून सासूबाईंनी आयोगाला माहिती पुरवली.

दालनात हशा पिकला. न्यायमूर्तीही गालात हसल्या. "तापाची चौकशी माझ्याकडे नाही. तो तुमच्या साहेबांचा प्रश्न. पण हा कागद पुलाच्या फायलीत शिरला कसा?"

"आमच्याकडे पाठकोरे कागद वापरतात, मॅडम. एका बाजूला मजकूर असतो, दुसरी बाजू कोरी. कार्यालय वरच्या मजल्यावर हललं तेव्हा जुन्या कागदांचे गठ्ठे निघाले. रद्दीत कशाला घालायचे, म्हणून आम्ही ते वाटून घेतले. कच्चं लिहायला बरे पडतात. यादी टेबलावर राहिली आणि माझा हात चालू होता, त्यात तिलाही नंबर पडला."

"पाठकोरे," न्यायमूर्ती म्हणाल्या, आणि त्यांनी कागद उलटा केला.

चार दिवस सचिवांनी, वकिलांनी, साहेबांनी ते पान घोकलं होतं, पण उलटून कोणीच पाहिलं नव्हतं. नंबर नसलेली बाजू सरकारदरबारी अस्तित्वातच नसते.

न्यायमूर्ती वाचू लागल्या. "'मी टपाल वाटतो. रोज दोनदा पुलावरून जातो. मधल्या खांबापाशी पायाखालची फळी हलते आणि खालून कुरकुर आवाज येतो. कृपया कोणीतरी येऊन पाहून जावे.' तारीख, पूल खचण्याच्या दोन वर्षं आधीची. वर आवक शिक्का." दालनातला हशा कुठल्या कुठे गेला. पुढच्या रांगेतला एक कुबडीवाला हळूच उभा राहिला. पत्र त्याचंच होतं.

साहेब पांढरेफटक पडले.

"शिक्क्याखाली एक सही आहे," न्यायमूर्ती म्हणाल्या. "ही कोणाची?"

खात्याचे वकील चटकन उठले. "मॅडम, ही नुसती रेघोटी आहे. कोणाचीही असू शकते."

ते खरंच होतं. ती रेघोटी कोणाचीही असू शकत होती. शिक्केताईंनी मान खाली घातली असती तर ती बिनमालकाचीच राहिली असती. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, मग त्या टपालवाल्याकडे पाहिलं.

"माझी," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी आवक टेबलावर होते. पत्र मी घेतलं, शिक्का मारला, पुढे पाठवलं. वाचलं मात्र नाही. शिक्का मारायला वाचावं लागत नाही ना, मॅडम." आणि भर दालनात त्यांना रडू फुटलं.

टपालवाला कुबडी टेकत दोन पावलं पुढे आला. "बाई, रडू नका. मला इतकी वर्षं वाटत होतं, की पत्र पोचलंच नाही. जन्मभर पत्रं पोचवली आणि माझंच हरवलं म्हणून फार लागलं होतं हो. पोचलं होतं, एवढं तरी कळलं."

न्यायमूर्तींनी पत्राची तारीख लिहून घेतली. मग त्यांनी विचारलं, "असे पाठकोरे कागद अजून किती आहेत?"

"दोन कपाटं असतील."

"घरी एक पेटीभर आहेत!" सासूबाई ओरडल्या. "मी त्यांच्यावर पत्त्यांचे गुण लिहिते. पण मागची बाजू जशीच्या तशी आहे हो!"

शुक्रवारी सकाळी कक्षातली टेबलं भिंतीला लागली आणि जमिनीवर कागदांचे ढीग पडले. आयोगाचे सचिव एका कोपऱ्यात, सासूबाई पेटीसकट दुसऱ्यात, आणि मध्ये साहेब बाह्या सरसावून मांडी घालून बसलेले. काल संध्याकाळपासून ते कोणाला रागावले नव्हते. शिक्केताईंच्या तापाबद्दलही नाही. एकेक कागद उलटायचा, वाचायचा, बाजूला ठेवायचा. शिक्केताई आज प्रत्येक कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत होत्या, त्यामुळे यंत्र फारच सावकाश चालत होतं.

अकराच्या सुमाराला साहेबांचा हात थांबला. एका बाजूला सासूबाईंनी मिळवलेले गुण होते. दुसऱ्या बाजूला एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचं पत्र होतं, पुलाच्याच त्या फळीबद्दल. समासात लाल शाईने लिहिलं होतं, "पाहू." त्याखाली सही होती, आणि ती रेघोटी नव्हती, चांगली ठसठशीत, वाचता येईल अशी होती.

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या हातात कागद होता, शेजारी रद्दीचा ढीग होता, आणि कोणाचंही लक्ष नव्हतं. शिक्केताईंचं मात्र होतं.

साहेब गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"ही माझी सही," ते म्हणाले. "नंबर मारा."

शिक्केताईंनी यंत्र उचललं. "कुठल्या बाजूला, साहेब?"

"दोन्ही बाजूंना मारा, बाई."