मुळं आली का?

सासूबाईंच्या जुन्या अंगणात फरशी बसवताना पिवळी जास्वंद मुळासकट उखडली गेली. तिच्या चार काड्या तेवढ्या जावयाच्या हाती लागल्या. लेकीकडे राहायला येताना सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "माझं सामान राहू द्या, पण ती जगवा."

रोपवाटिकेतल्या माणसाने मुळं फुटायची पावडर दिली. काडीचं खालचं टोक ओलं करून पावडरीत बुडवायचं, ओल्या वाळूत खोचायचं. "आणि मग विसरून जायचं," तो म्हणाला. इथेच माशी शिंकली.

जावयाचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे बारीक बघायची खोड जुनी. पावडर आत नेमकं करते तरी काय, मूळ आधी कुठून फुटतं, या विचाराने त्याला चैन पडेना. बायको आंघोळीला गेली की तो हळूच काडी उपसायचा, भिंगाखाली धरायचा आणि साळसूदपणे परत खोचायचा. आठवड्यात दोन काड्या काळ्या पडल्या. त्याने धसका घेऊन कानाला खडा लावला. तरी तिसरी गेली.

म्हणून एका संध्याकाळी तो गॅलरीच्या दारामागे दबा धरून बसला. आधी बायको आली. तिने शेवटची काडी उपसली, बघितली, खोचली. ती वळते न वळते तोच सासूबाई चष्मा पुसत आल्या.

तिघांचंही बिंग फुटल्यावर कोण कोणाला बोलणार? शेवटी कुंडी समोरच्या काकांकडे ठेवायचं ठरलं. झाडापानांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं, हीच त्यांची पात्रता.

दीड महिन्याने तिघं कुंडी आणायला गेले. काकांनी दार अर्धवटच उघडलं. आत खिडकीत काडीला चार तुकतुकीत पानं फुटली होती. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"नेता येणार नाही," काका म्हणाले. "आत्ता कुठे मूळ धरलंय तिने."

"पण ती आईची आहे," बायको म्हणाली.

"असेल. तुमच्याकडे मरेल."

सासूबाईंनीच मग विचारलं, "रोज येऊन नुसती बघितली तर चालेल?"

काकांनी तिघांच्या हातांकडे बघितलं. "चालेल. पण हात मागे बांधून."

तेव्हापासून रोज संध्याकाळी काकांच्या खिडकीपाशी चौघं हात मागे बांधून उभे असतात. काकासुद्धा, कारण त्यांचा स्वतःवरही फारसा भरवसा राहिलेला नाही.