शेंदराची हद्द

"कायदा म्हंजे काय, ते मले इचारा! माही जमीन कोनी बोटभर सरकवून दाखवावी!" खुशालराव दर्यापूरच्या बाजारात छाती ठोकून सांगत, आणि लोक माना डोलावत.

का नाही डोलावणार? सातासमुद्रापार कुणाची लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं! त्या सोन्यातून खुशालरावांनी काळ्याभोर मातीचं वावर घेतलं होतं. खरेदीखत अमरावतीच्या वकिलाकडून पक्कं करून आणलं होतं. खुपत होता तो फक्त शेजारच्या नत्थुजींचा बांध. बांधावरची विहीर खरी खुशालरावांच्या वावरातली, पण नत्थुजींच्या नांगराने दरसाल थोडा थोडा बांध खात ती कधीच गिळली होती, असं गाव म्हणे.

अशात सरकारी मोजणी आली. जितकी जमीन तितका सरकारला भरायचा सारा, आणि हद्दीला चुना फासलेले दगड! खुशालराव मोजणीच्या लोखंडी साखळीकडे पाहतच राहिले. "धरतीमाय साखळीनं मोजून राहिले! काय अक्कल म्हनावी!" भारावून त्यांनी मोजणीवाल्यांना वावरातच जेवण घातलं. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तुपाची धार आणि वांग्याची झणझणीत भाजी! साखळीवाले पेंगत पेंगतच कामाला लागले. यजमान तर आंब्याखाली घोरत पडले.

जाग आली तेव्हा दगड रोवून झाला होता. विहिरीच्या अलीकडे! म्हणजे विहीर नत्थुजींची!

खुशालराव दगडाभोवती दोनदा फिरले. पण सरकारचं माप चुकेल कसं? राहिलेलं वावर तरी राखावं, म्हणून त्यांनी वावराच्या कडेच्या आपल्या घराकडे हाक दिली, "अवं, आयकतं का? तेल अन् शेंदूर आन!"

"दगडाले शेंदूर? काहून जी?" गोदाबाईंनी विचारलं.

"दगड हलवला तं सजा हाय. पन सरकार अमरावतीत अन् नत्थुजी बांधावर! तो सजेले भेत नाई, शेंदराले भेते. कायद्यावर कायदा करून राहिलो मी!"

दगड लालभडक झाला. वर खुशालरावांनी पारावर सांगून टाकलं, "सपनात आला होता. म्हने, मी राखनदार हाओ, मले हलवू नका!"

सगळ्यांत आधी नारळ घेऊन कोण आलं? नत्थुजी! त्यांची हरवलेली म्हैस दुसऱ्या दिवशी दारात उभी! झालं! नवसाच्या रोडग्यांचा धूर रोज उठू लागला, आणि भक्तांच्या पायांखाली खुशालरावांच्या उभ्या कापसाच्या पऱ्हाटीतून चांगली गाडीवाट पडली. ओरडावं तर कोणावर? देव त्यांनीच बसवला होता!

मग त्यांचा लाडका बैल चारा सोडून पडला. खुशालराव इकडेतिकडे कोणी नाही हे पाहून दगडापुढे गेले आणि पुटपुटले, "हे पाय, तुले मीच शेंदूर लावला, हे मले ठाऊक हाय. तरी पन... त्याले उठव." घरी येतात तो बैल उभा राहून कडबा खातोय! खुशालरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिथेच, गोठ्यातून, त्यांनी बांधाच्या दिशेने हात जोडले.

आणि मग मोजणीदार परत आला! "अहो खुशालराव, आमची चूक झाली. त्या दिवशी साखळी तिरपी पडली. दगड विहिरीच्या पलीकडे हवा. विहीर तुमची!"

"माही इहीर!" खुशालरावांनी आनंदाने उडीच मारली. "उपटा तो दगड!"

साखळीवाल्यांनी शेंदूर पाहिला आणि वहाणा काढून हात जोडले. "सायेब, नोकरी घ्या, पन हे नाई जमनार."

सारा गाव बांधावर जमला. नत्थुजी शांतपणे म्हणाले, "हलवा ना खुशालराव! माही हरकत नाई. फक्त सपनात तो काय म्हने, ते एकडाव लोकाइले सांगा."

खुशालरावांनी पहार उचलली. एका बाजूला विहीर, बारमाही पाण्याची! दुसऱ्या बाजूला तो लालबुंद दगड, त्यांच्याकडेच बघत असल्यासारखा. तेवढ्यात गोठ्याकडून बैल हंबरला. पहार हातातून गळून पडली, आणि खुशालरावांनी स्वतःच्याच गालावर चापट्या मारून घेतल्या.

मोजणीदार हसला. "राहू द्या दगड तिथेच. पण आमचं माप आता बरोबर नोंदलंय. विहिरीसकट जमिनीचा सारा तुमच्या नावावर. भरत चला!"

तेव्हापासून दगडापलीकडचं पाणी नत्थुजी उपसतात आणि बागायतीचा चढा सारा खुशालराव भरतात.

पहिला हप्ता भरून ते परतले, तेव्हा बांधावर रोडगे भाजत बसलेल्या गोदाबाई म्हणाल्या, "काहो, मंग कायदा कोनाचा मोठा निंगाला?"

"हळू बोल वं!" खुशालराव घाईघाईने चपला काढत म्हणाले. "तो आयकते!"