मातोश्रींच्या घंटेची मोहीम

कलमास शाई असो, ऐकणारास सबुरी असो. पूर्वी थोर थोर राज्ये किल्ल्यांवरून आणि सरहद्दींवरून भांडली, त्यांच्या हकीकती जागोजाग लिहिल्या गेल्या. परंतु बिछान्याशेजारील एका बटणावरून एका घरात जे रण माजले, दोघे बंधू जिन्यात घामाघूम जाहले आणि सासूसुनेचा तह मोडतो की राहतो ऐसा प्रसंग गुदरला, त्याची दखल कोणी घेतली नाही, म्हणोन ती येथे यथास्थित लिहिली असे. यात राईचा पर्वत केला नाही. राईच पर्वताएवढी होती, त्यास इलाज नाही.

ते समयी घराच्या तळमजल्यावर यंत्रांचा कारखाना होता आणि वरच्या मजल्यावर मातोश्री साहेब पाय मोडोन बिछान्यावर विराजमान होत्या. कारखान्याचे धनी थोरले चिरंजीव, तारा जोडण्यात निष्णात. त्यांचे बंधू धाकटे चिरंजीव, बोलण्यात निष्णात. आणि प्रोग्राम रचण्याचा सारा भार थोरल्यांच्या कुटुंबावर, म्हणजे सूनबाईंवर होता. तिघांनी मिळोन रुग्णांच्या उशाशी ठेवावयाची एक पेटी सिद्ध केली: रुग्णाने बटण दाबावे, दूर सेवकांच्या खोलीत घंटा वाजावी, आणि घंटेने ऐकल्याची पोच म्हणोन उशाशी हिरवा दिवा लागावा. एका इस्पितळाच्या कारभाऱ्यांनी कबूल केले होते की, पेटी महिनाभर बिनचूक चालली तर आमच्या सगळ्या खाटांस घेऊ. तेव्हा मातोश्रींचा मोडका पाय हीच सुसंधी जाणोन पेटी त्यांचे उशाशी बसविली आणि घंटा कारखान्यात टांगली. मातोश्रींनी शुभमुहूर्ताचे बटण दाबिले, तिघे धावत वर गेले, तो हुकूम जाहला की पंखा कमी करावा. मग खाली उतरतात न उतरतात तोच दुसरा हुकूम जाहला की इतका कमी नको.

आता पेटीतील राज्यव्यवस्था सांगणे जरूर. पेटीत लिनक्स नामे संगणक-प्रणाली, तिच्याच सरकारचा अंमल, आणि त्या छत्राखाली सूनबाईंनी आपली नवी घडी बसविली होती. जुन्या रिवाजात कोणत्याही प्रोग्रामाने दुसऱ्याचे नाव पुकारावे आणि काम सांगावे. नाव ठाऊक तो मालक, ऐसी बेबंदशाही. सूनबाईंनी ती मोडोन कायदा केला की, प्रत्येक प्रोग्रामाने आपापल्या कोठडीत राहावे, नाव पुकारणे व्यर्थ, ज्याचे हाती परवाना असेल त्यानेच आणि परवान्यापुरतेच काम सांगावे. परवान्यावर मोहोर सरकारची, दर वस्तूची निराळी, म्हणोन बनावट चालणार नाही, आणि एकाने दुसऱ्यास परवाना द्यावयाचा तर सरकारी जासुदाचे हातूनच द्यावा. तदनुसार बटणास घंटा वाजविण्याचा परवाना मिळाला. आणि बटणाने दर हाकेसोबत दिव्याचा परवाना घंटेकडे पाठवावा, म्हणजे घंटेस पोच देता यावी, ऐसा बंदोबस्त जाहला. त्याच पेटीत गाणी वाजविणारा, वेळ सांगणारा आणि हवामान कळविणारा ऐसे आणखी तिघे प्रोग्राम नांदत होते, त्यांस घंटेकडे वाकड्या नजरेने पाहण्याचीही सोय ठेविली नाही.

ऐसे काही दिवस सुखाने गेले आणि एके दुपारी घंटा मुकी जाहली. मातोश्रींचा चष्मा खाटेखाली गेला, म्हणोन त्यांनी बटण दाबिले, दिवा लागेना. पुन्हा दाबिले, लागेना. मग अंगठ्याने, मग मुठीने, आणि शेवटी हातातील काठीने जमिनीवर ऐसा मारा केला की खाली कारखान्याच्या छताचा पोपडा सुटोन थोरल्यांच्या चहात पडला. तिघे वर धावले, तो मातोश्री साहेब अर्ध्या खाटेवर आणि अर्ध्या अधांतरी, एक हात जमिनीस टेकलेला. आणखी चार बोटे सरकत्या तर दुसराही पाय जाता. त्यांस सावरोन बसविले, चष्मा डोळ्यांवर चढविला, आणि चष्म्यातून त्यांनी प्रथम सूनबाईंकडे पाहिले.

"घंटा बंद केलीस ना गं?"

"आई, मी कशाला बंद करीन?"

"पंख्याचं सारखं सांगते म्हणून. तू नाही केलीस, तर मग काय घंटेलाच राग आला?"

सूनबाईंच्या काळजास घरे पडली. खरे पाहता पंख्याच्या फर्मानांनी त्या मेटाकुटीस आल्या होत्या, मनातल्या मनात त्या घंटेस दोन-चार वेळा शिव्याशापही दिले होते, आणि आता घंटा सत्यच मेली, तेव्हा निरपराध असोनही चेहरा अपराध्याचा जाहला. त्यांनी पेटी बंद करोन पुन्हा चालू केली, तो घंटा ठणठणीत. परंतु दोन दिवस लोटले नाहीत तोच पुन्हा मुकी, आणि जमिनीवर पुन्हा काठी. मातोश्रींनी आपल्या बहिणीस फोनवरून इतल्ला दिली की, सुनेने माझा आवाजच काढून घेतला; आणि हे वर्तमान त्या ऐशा चढ्या आवाजात देत्या जाहल्या की कारखान्यातही अक्षर अन् अक्षर ऐकू गेले.

तेव्हा मसलत बसली. धाकटे चिरंजीव पुढे सरसावोन बोलिले, "वहिनी, तुमच्या परवान्यांच्या भानगडीतच घंटा अडकते. सगळे दरवाजे उघडे टाका की! घरचेच तर प्रोग्राम आहेत." सूनबाई नको नको म्हणत असता थोरल्यांनी मान डोलविली, आणि धाकट्यांनी स्वहस्ते सगळे दरवाजे उघडिले.

मग जो प्रलय जाहला तो काय वर्णावा! दरवाजे मोकळे देखोन वेळ सांगणाऱ्याने पहिला ठोका घंटेवर दिला, गाणी वाजविणाऱ्याने तबल्याची प्रत्येक थाप घंटेवर उतरविली, आणि बाहेर वारा सुटला होता, तेव्हा हवामानवाल्याने दर झुळुकीस खबर म्हणोन घंटा बडविली. तिघे वर धावत, मातोश्री विचारीत, "मी कुठं बोलावलं?" खाली येत तो घंटा, वर जात तो तोच सवाल. जिन्यात दोघे बंधू परस्परांवर आदळले आणि धाकट्यांचे नाक सुजले. शेवटी मातोश्री साहेबांनी जाहीरनामा काढिला की, "मेली मुकी होती तीच बरी होती," आणि दरवाजे पूर्ववत बंद जाहले.

धाकटे नाकास बर्फ लावोनही हटले नाहीत. त्यांची दुसरी मसलत ऐसी की, रोज सकाळी पेटी एकदा बंद करोन चालू करावी, घंटा दिवसभर चालेल, इस्पितळास काही सांगू नये. यास थोरलेही राजी जाहले. तेव्हा सूनबाई, ज्या आजवर मसलतीत हळू बोलत, त्या उठोन उभ्या राहिल्या.

"आईंनी काठी आपटली, छत पडलं, म्हणून आपल्याला कळलं. इस्पितळात काठी कोण आपटणार? आणि ज्याला काठी उचलायचं बळ नाही, त्याचं काय?"

यावर थोरल्यांनी पेटी उचलोन सूनबाईंच्या हाती दिली आणि धाकट्यांनी बर्फाची पिशवी तोंडापर्यंत खाली ओढली.

मग सूनबाईंनी कारखान्याचे दार लावोन घेतले, पेटी पुढ्यात घेतली, आणि स्वतः बटण दाबीत घंटेच्या कोठडीत काय घडते ते पाहू लागल्या. दर दाबण्यास जासूद दिव्याचा परवाना घेऊन येई, घंटा तो घेऊन पोच देई, येथवर सारे शिरस्त्याप्रमाणे. परंतु पाहतात तो काय, सरकारी रिवाज ऐसा की परवाना एका हातून दुसऱ्या हाती गेला की त्यावर नवा क्रमांक पडे; दिवा तोच, मोहोर तीच, क्रमांक मात्र दर खेपेस निराळा. घंटा बिचारी भोळी, क्रमांक पाहोन समजे की हे कोणी नवेच पाहुणे आले, आणि परवाना जपोन आपल्या कोठडीत ठेवी, टाकून म्हणोन देत नसे. ऐसे करिता करिता हजारावर परवाने साठले, सगळे एकाच दिव्याचे, कोठडी छतास टेकली. आणि लिनक्स सरकारचा नियम की मर्यादेबाहेर एकही परवाना कोणास मिळणार नाही. तेव्हा पुढचा जासूद हाकेसकट दारातूनच परत फिरे आणि घंटा आत हाकेवाचोन बसोन राही.

सूनबाई एकट्याच मोठ्याने हसल्या आणि मग डोळे पुसत्या जाहल्या, कारण घंटा कोणी मारली नव्हती, ती अतिआदरातिथ्याने मेली होती. त्यांनी तत्क्षणी नवा कायदा लिहिला की, परवाना आला असता घंटेने क्रमांकास भुलू नये, आतली मूळ मोहोर पाहावी. तीच मोहोर आधीच पदरी असेल तर नवी नक्कल जागच्या जागी सोडून द्यावी आणि जुन्या परवान्यावरच काम चालवावे.

परंतु कायदा लिहिणे वेगळे आणि रणात टिकणे वेगळे. कोठडी भरण्याची मर्यादा ओलांडेपर्यंत बटण दाबावे, तेव्हाच खातरजमा. थोरल्यांनी तजवीज सुचविली की बटण दाबणारे यंत्र जोडू. सूनबाई म्हणाल्या, यंत्र कशास, आणि पेटी घेऊन जिना चढल्या.

"आई, एक काम आहे. दुपारभर हे बटण दाबायचं. थांबायचं नाही."

मातोश्रींनी चष्मा वर केला. "आणि मग म्हणाल, म्हातारी सारखी दाबते."

"तुम्ही सारखं दाबलंत म्हणूनच चूक सापडली. आम्ही तिघं घाबरत घाबरत एकेकदा दाबून बघत होतो. आम्हाला जन्मात कळलं नसतं."

हे ऐकोन मातोश्री साहेबांच्या मुद्रेवर ऐसे तेज चढले की पाय मोडल्यापासोन कोणी पाहिले नव्हते. त्यांनी उशी पाठीशी सरळ केली, बाह्या सारल्या आणि मारा सुरू केला. उजवा अंगठा दमला तेव्हा डावा, डावा दमला तेव्हा चमच्याचा दांडा. दिवा लागे, विझे, लागे, विझे. खाली घंटेने कारखाना दुमदुमला, शेजारणीने खिडकीतून आग लागली काय म्हणोन विचारिले, तीस धाकट्यांनी हातवारे करोन वाटेस लाविले. मर्यादेचा उंबरठा जवळ आला तेव्हा सूनबाईंनी डोळे मिटोन घेतले. बटण दाबिले गेले. दिवा लागला. पुन्हा दाबिले, पुन्हा लागला. मातोश्री गर्जल्या, "उघड डोळे, चालतेय!"

मग त्यांनी सूनबाईंस जवळ बसवोन घेतले. "माझंच तोंड सुटलं होतं त्या दिवशी," मातोश्री साहेब खिडकीकडे पाहोन म्हणाल्या. मग एकाएकी त्यांनी बटण दाबिले. जिन्यात पावले धडधडली आणि दोघे बंधू धापा टाकीत दारात उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. पंखा कमी करा."

पंखा कमी जाहला आणि बंधू खाली गेले. मातोश्रींनी पेटी सूनबाईंच्या मांडीवर सरकविली आणि हळूच आज्ञा केली, "आता तू दाब. पुन्हा जास्त करायला सांग."

सूनबाईंनी दाबिले. येणेप्रमाणे घंटा बहाल जाहली, बेबंदशाही हटली, सासूसुनेचा तह कायम जाहला, आणि दोघे चिरंजीव संध्याकाळपर्यंत जिन्यात कामी आले. फत्ते पुरी जाहली, कागद पुरा जाहला.