दिल्लीशी बोलणारे मल्लप्पाण्णा

आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष मल्लप्पाण्णा यांना दिल्लीशी बोलायचं असलं, की ते अंगणातल्या लिंबाखाली उत्तरेकडं तोंड करून उभे राहतात.

वळसंगच्या पुढं आमचं गाव. शाळा सातवीपर्यंतची. मी इथली शिक्षिका, सोलापूरहून एसटीनं येते. नवं परिपत्रक आलं की अण्णा ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतात, टोपी सारखी करतात आणि उत्तरेला विचारतात, "दिल्लीला काय ठावं?"

शाळेत पालकाचे वाफे लावा असा आदेश आला. अण्णांनी शेपू लावला. "हितली पोरं शेपू खात्यात. दिल्लीनं यावं, पालक खाऊन जावं!"

ज्वारीच्या काढणीत आया पहाटेच शेतावर जातात, म्हणून अण्णांनी शाळेची वेळच बदलली. वेळेचा आदेश मुंबईचा असला तरी त्यांच्या लेखी तो दिल्लीचाच. "मुंबई काय न् दिल्ली काय, दोन्ही लांबच की ओ बाई!"

मग हजेरीसाठी मोबाईलवर रोज स्वतःचा फोटो पाठवायचा हुकूम आला. गावात फोन लागतो, पण नेट मिळतं ते फक्त शाळेच्या गच्चीवर. मी साडी सावरत शिडी चढायची आणि खालून अण्णा शिडी धरून ओरडायचे, "बाईंचं तोंड बघायचं असंल तर चहाला या म्हणावं!"

आणि एके दिवशी दिल्ली खरंच आली. जीपमधून एक तरुण अधिकारीण उतरली. अण्णांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली आणि ठेवणीतलं हिंदी काढलं, "मॅडम, हमारा स्कूल हमारा गाव देखेगा. तुम कायकू टेन्शन लेते?"

ती हसली. चटणी तिखट लागली तरी दोनदा मागून घेतली. अण्णा फुलले. वर्ग दाखवले, शेपू दाखवला, मुलींच्या संडासाचं नवं रंगवलेलं दारही ऐटीत उघडलं.

तिनं नळ फिरवला. तो कोरडा.

"बड़ी लड़कियाँ क्या करती हैं?"

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं. पाण्याचं मी कितीतरी वेळा काढलं होतं. दर वेळी "बघू की" म्हणून ते विषय बदलायचे. आता सातवीतल्या दोघी दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "आमी घरी जातो. मग परत येत न्हाय."

जीप गेली. अण्णा तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले, तर शाळेला लागून असलेल्या त्यांच्याच शेतातल्या बोअरपासून चर खणलेला आणि अण्णा गुडघाभर मातीत पाईप जोडत बसलेले.

"काय अण्णा, दिल्लीचं ऐकलंत शेवटी?" मी चेष्टेनं म्हटलं.

"व्हय. ऐकलं," ते म्हणाले. थोडा वेळ पाईपच्या तोंडाला दोरा गुंडाळत राहिले. "आमची गौरा हितंच होती की, बाई. लई हुशार. सातवीत एकदम बसली घरी. तिची आई म्हणाली, मोठी झाली, आता शाळंत तिची अडचण होतीय. मी म्हटलं, बरं. कसली अडचण ते इचारलंच न्हाय. पोरीलाबी न्हाय."

गौरा आता विजापूरकडं दिलेली, एवढंच मला ठाऊक होतं.

दुपारी मोटर चालू केली. नळ आधी खाकरला, मग लाल पाणी ओकला, मग स्वच्छ धार लागली. पोरींनी एकमेकींवर पाणी उडवत नुसता कालवा केला. अण्णाही भिजले. ओल्या हातानंच त्यांनी फोन लावला.

"गौरा, नीर बंतु," ते म्हणाले. पाणी आलं. एवढं कानडी मला कळतं.

पलीकडून ती काहीतरी विचारत होती. कुठलं पाणी, कुठं आलं, असंच असणार. अण्णांनी फोन नळाजवळ नेला आणि तिला ऐकू जावं म्हणून तसाच धरून ठेवला.