सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं हवामान

बोर्घिल्डबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस लागला होता. तो थांबेल असं साऱ्या बेटावर फक्त त्यांच्या जावयाला, एइलिव मास्तरांना वाटत होतं.

मास्तर नुकतेच बर्गेन शहरातल्या वेधशाळेत आठ दिवस राहून हवामानाचं शिक्षण घेऊन आले होते. रोज तीनदा वारा, ढग, पाऊस बघून ते तिकडे तार करत. तेव्हापासून त्यांनी छत्री वापरणं सोडलं होतं.

"ही उष्ण आघाडी," ते सासूबाईंना म्हणाले. "गरम हवा थंड हवेच्या पाठीवर हळूहळू चढते, म्हणून ही रिपरिप. आघाडी सरकली की वारा फिरणार, उबारा येणार. दुपारी दोनला. टेबलं अंगणात मांडू."

"माझा गुडघा नाही म्हणतोय, जावईबापू."

"गुडघ्याला शास्त्र कळत नाही."

"माणसं सत्तावीस आणि खोली एक. ऐक गं त्यांचं, आई," मास्तरांची बायको रागना म्हणाली. "आठ दिवस शिकून आलेत."

आणि खरोखरच पावणेदोनला पाऊस थांबला! वारा नैऋत्येचा झाला, हवा उबदार झाली. शेजारच्या मोन्सने चक्क टोपी काढली. "मास्तर, मानलं तुम्हाला."

टेबलं मांडली. पांढरी चादर, कॉफी, मलईचा तीन मजली केक. मास्तर भाषणाला उभे राहिले. सासूबाईंवर दोन वाक्यं बोलून ते आघाडीवर घसरले. मंडळी टक लावून बघत होती. लग्नाला वीस वर्षं झाली, पण सासरच्या माणसांनी इतकं मन लावून ऐकल्याचं मास्तरांना आठवेना.

मंडळी त्यांच्या पाठीमागचा समुद्र बघत होती. तिथे शाईसारखी काळी भिंत उभी राहिली होती.

"मास्तर, एक विचारू?" मोन्स म्हणाला. "ही उष्ण आघाडी गेली. तिच्या मागून काय येतं?"

मास्तर थबकले. हा धडा सातव्या दिवशी झाला होता. "थंड आघाडी," ते हळूच म्हणाले.

"ती कधी?"

उत्तर वायव्येकडून आलं. चादर कपबश्यांसकट उठली आणि मोन्सच्या गोठ्याकडे निघाली. केकचा वरचा मजला पाद्रीबाबांच्या मांडीवर बसला. मागोमाग गारा. सत्तावीस माणसं एका दारातून एकदम आत शिरली.

आत चुलीभोवती गुडघ्याला गुडघा लागला. पाद्रीबाबा सासूबाईंच्या लोकरी शालीत गुंडाळून बसले आणि मांडीवरचा केक सगळ्यांना वाटू लागले. कुणीतरी गाणं धरलं. मास्तर मात्र कोपऱ्यात लाकडांच्या ढिगावर मान खाली घालून बसले होते.

सासूबाई काठी टेकत त्यांच्याजवळ आल्या. "दर वर्षी मंडळी येतात, कॉफी पितात, तासाभरात होड्या सोडतात. आज कपडे वाळेपर्यंत कुणी हलत नाही बघा." त्यांनी स्वतःच्या ताटलीतला केक मास्तरांच्या हातात दिला. "खा आता."

मास्तरांना एवढा धीर पुरला. त्यांनी दार उघडून बाहेर डोकावलं. थंड आघाडीही निघून गेली होती. आकाश धुतलेल्या काचेसारखं लख्ख, समुद्रावर ऊन.

"बघा," ते आत वळून म्हणाले, "शास्त्राप्रमाणे आता मात्र बाहेर बसायला काहीच..."

सगळी मंडळी चुलीला आणखी चिकटली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "दार लावून घ्या."