तळ्याकाठची वांगी

"भाजी निवडणं ही शिकायची गोष्ट नाही, ती बोटांतच असावी लागते," असं जीवराम नाना नारखेडे हल्ली गल्लीत कुणालाही ऐकवायचे. आणि गल्ली ऐकून घ्यायची! कारण नानांनी आणलेली मेथी कोवळी असायची, गवारीला दोरा नसायचा, आणि भरताची वांगी तर अशी की जळगावात जन्म काढून आपण आजवर काय खाल्लं, असा शेजाऱ्यांना प्रश्न पडावा. वाचकहो, खरं काय ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. त्या भाजीला नानांची बोटं लागायची ती फक्त प्लास्टिकच्या पिशवीतून कापडी पिशवीत भरताना.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म पाण्याच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर केल्या, पण पाण्याच्या काठी निवांत बसायचा योग काही आला नाही. निवृत्तीनंतर सुनंदाबाईंनी त्यांच्या हातात पिशवी दिली आणि बाजाराला धाडलं. आता नानांचा स्वभाव पहिल्यापासून तंद्रीचा. कोथिंबिरीच्या जुडीवर पाण्याचा थेंब दिसला की ते त्यात आभाळ शोधत उभे राहायचे, आणि तेवढ्यात पिशवीत भलतीच जुडी पडायची. एकदा मेथी म्हणून शेपू आणला. एकदा दुधी आणला तो इतका जून, की सुनंदाबाईंनी तो उभा धरून विचारलं, "याची भाजी करू, की तारा लावून तंबोरा करू?" एकदा तर दुसऱ्याचीच पिशवी घरी आली. त्या दिवशी भाजी चांगली निघाली.

"उद्यापासून बाजाराला मीच जाते," सुनंदाबाईंनी जाहीर केलं. "तुम्ही घरी बसून माळा आवरा."

नानांनी पिशवी घट्ट धरली. बाजार सुटल्याचं दुःख नव्हतं. पण बाजाराच्या निमित्तानं ते रोज वाट वाकडी करून मेहरूण तलावावर जायचे. हिवाळ्याच्या सकाळी तिथे पाण्यावरून वाफ उठते, पलीकडचा काठ आहे की नाही तेच समजत नाही. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. बाभळीखालच्या बाकावर टेकलं की नानांना वाटायचं, आपण काठाला बांधलेली होडी आहोत आणि कुणीतरी दोरी थोडी सैल सोडलीय. साऱ्या दिवसात तेवढीच काय ती त्यांची स्वतःची वेळ होती. ती गेली तर मागे उरणार होता माळा.

"एक संधी द्या," नाना म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले. तिथेच युक्ती सुचली. पुण्याच्या मुलानं, हितेंद्रनं, दिवाळीत त्यांच्या फोनवर घरपोच भाजीचं ॲप टाकून दिलं होतं. पत्त्याच्या रकान्यात नानांनी लिहिलं : मेहरूण तलाव, बाभळीखालचं बाक.

भाजी घेऊन आला तो भिकन. पन्नाशीचा गडी, पूर्वी धरणगावच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. त्यानं मोटारसायकल लावली, बाक पाहिलं, नानांना पाहिलं आणि विचारलं, "नाना, आठे बाकवर कोन रांधस?"

"कुणी रांधत नाही. ठेव पिशवी, आणि बस जरा."

भिकन बसला. दोघंही पाण्याकडे बघत राहिले. हा शिरस्ताच पडून गेला.

घरी मात्र चमत्कार! सुनंदाबाईंनी वांगं हातात घेतलं, तळव्यावर जोखलं आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे कौतुकानं पाहिलं. "एवढ्यात शिकलात?"

"बोटांतच होतं," नाना म्हणाले.

झालं, गल्लीत बातमी पसरली. शेजारणी पिशव्या घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. "नाना, आमच्यासाठीपण बघा की!" भिकन आता क्रेट घेऊन तलावावर यायचा. नाना बाकावर बसून कुणाचा पालक, कुणाची भेंडी अशी वाटणी करायचे. उशीर झाला तर सुनंदाबाईच शेजारणींना सांगायच्या, "निवडायला वेळ लागतोच हो." एवढं सुख नानांना नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

पण सुख बोलून दाखवायला सुनंदाबाईंना धुळ्याचा फोन होता. हितेंद्रचं लग्न धुळ्याच्या मयुरीशी ठरलेलं. होणाऱ्या विहीणबाई, कमलबाई, रोज फोनवर. त्यांना जळगावच्या भरताचं आणि त्याहून जास्त नानांच्या पारखीचं एवढं वर्णन ऐकवण्यात आलं की डिसेंबरात त्या व्याह्यांना, म्हणजे लोटनभाऊंना, घेऊन मुक्कामालाच आल्या.

"आमच्या ह्यांचंही तसंच," चहा घेताना कमलबाई म्हणाल्या. "धुळ्याला आमच्या देवपुरात बायका ह्यांना विचारल्याशिवाय भाजी घेत नाहीत."

लोटनभाऊंच्या हातातला टोस्ट चहात पडला.

"मग उद्याची वांगी दोघांनी मिळूनच आणावीत," सुनंदाबाई म्हणाल्या. "भरताचं वांगं मोठं असून हाताला हलकं लागायला हवं. जड म्हणजे नुसत्या बिया. हे काय, ह्यांना मी सांगायला हवंय?"

सांगायला हवं होतं. पण नाना त्या वेळी खिडकीतून शेजारच्या बंबाचा निळा धूर कसा वर जातोय ते बघत होते, आणि लोटनभाऊ चमच्यानं टोस्ट शोधत होते. दोघांनीही जोरात मान हलवली.

सकाळी बायका दारात उभ्या राहून बघत असल्यामुळे तलावाकडे वळायची सोय नव्हती. दोघं बाजारात पोचले. हिरवी-पांढरी, लांबट, तुकतुकीत वांगी ढिगानं मांडलेली. नानांना ती झोपलेल्या बदकांसारखी दिसली, आणि ते तिथेच हरवणार होते, पण लोटनभाऊ खाकरले.

"नाना, आधी तुम्ही."

"छे, पाहुण्यांचा मान आधी."

लोटनभाऊंनी बारशाला मूल घ्यावं तसं एक वांगं दोन्ही हातांनी उचललं. इकडे तिकडे बघितलं. मग टिचकी मारून कानाशी नेलं. यात काहीतरी असणार, असं समजून नानांनीही एक उचललं आणि टिचकी मारून कानाला लावलं. दोघं डोळे मिटून ऐकत राहिले.

"भाऊ, वांगं शे ते, फोन नही," वांगेवाली म्हणाली.

"भरीव वाटतंय," लोटनभाऊ गंभीरपणे म्हणाले.

"जड आहे?"

"चांगलंच जड."

"मग घ्या," नाना म्हणाले. सोनं जड, कलिंगड जड, पदसुद्धा जड तेच चांगलं! मग वांग्यानंच काय घोडं मारलंय? त्यांनी ढिगातली जडातली जड वांगी उपसून काढली. सकाळपासून गिऱ्हाइकांनी बाजूला सारलेला माल एका फटक्यात गेला. वांगेवालीनं आनंदानं कोथिंबिरीची जुडी वर घातली. आपली पारख ओळखून मान दिला, असं नानांना वाटलं.

परतताना पाय आपोआप तलावाकडे वळले. दोघं बाभळीखाली बसले. वाफ पातळ झाली होती, पाण्यावर ऊन नुसतं टेकलं होतं. लोटनभाऊंनी बाकाच्या फळीवरून हात फिरवला.

"नाना, तुम्ही इथे रोज येता," मग ते हळूच म्हणाले.

"कशावरून?"

"बाकाची ही जागा बसून बसून गुळगुळीत झालीय. माझाही असा एक दगड आहे, पांझरा नदीच्या काठी. पाणी कमी असतं, पण बगळे पुष्कळ."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. "आणि भाजी?"

"दगडावर येते."

"फोनवरून?"

"फोनवरून."

दोघं पाण्याकडे तोंड करून खांदे हलवत हसले. आपल्यासारखाच दुसरा माणूस या जगात आहे, आणि तोही व्याही म्हणून मिळाला, या विचारानं नाना बाकावर थोडे सरकून त्यांच्याजवळ बसले. मग दोघांचीही नजर एकदमच पिशवीकडे गेली.

"म्हणजे आज पहिल्यांदाच आपण स्वतः पारखून..."

"पहिल्यांदाच," लोटनभाऊ म्हणाले. "पण वाईट नाही जमलं."

ती जड पिशवी दोघांनी एकेक बंद धरून घरी नेली. मनापासून अभिमान वाटावा अशी नानांची ती पहिलीच खरेदी होती.

गच्चीवर तुरीच्या काठ्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली. साल निघालं आणि आतून बियाच बिया! ठेचल्यावर तर कमलबाईंनी वाकून विचारलं, "हे भरीत आहे, की तिळाची चटणी?" जेवताना प्रत्येक घासाला कुणाच्या ना कुणाच्या दातात बी अडकत होती. दोन्ही पारखी माना खाली घालून पुऱ्या खात होते.

"ह्यांना बोल नाही," सुनंदाबाई शेवटी म्हणाल्या. "दोन-दोन जाणकार जाऊन असा माल मिळतो, म्हणजे बाजारच बिघडला. आता ते घरपोचवाले बरे. उद्यापासून घरीच मागवू."

"आम्हीपण," कमलबाई म्हणाल्या.

नानांनी तोंड उघडलं. बाजार चांगला आहे म्हणावं, तर वांगी कुणी बिघडवली ते सांगावं लागणार. ते सांगावं, तर बाजार सुटलाच. कसंही फिरवलं तरी शेवटी माळाच. त्यांनी तोंड मिटलं. लोटनभाऊंनी पानातली बी नखानं बाजूला सारली आणि धुळ्याच्या दिशेनं एक सुस्कारा सोडला.

पाहुणे परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सुनंदाबाईंनी दार उघडलं, नाना त्यांच्या मागे. दारात भिकन! त्यानं बाईंच्या हातात पिशवी दिली, त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा काळजीनं उतरला.

"नाना, तब्येत बरी शे ना? आज तलाववर नही उनात? मी आधी बाक दखीसन उनू."

तलावावरचं बाक बघून आलेल्या भिकनकडे सुनंदाबाईंनी एकदा पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांनी पिशवीतून एक वांगं काढलं, मोठं, तुकतुकीत. तळव्यावर जोखलं. पिसासारखं हलकं.

"अगदी तुमच्या हातचं आहे हो," त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या हातानं त्यांनी माळ्याची शिडी दाखवली.

माळ्याला एक झरोका आहे. त्यातून तलाव दिसत नाही. नानांनी बघून ठेवलंय.