सॅलडवाले नव्हे, बांगडीवाले

आमच्या शेजारच्या कासारकाकांशी कुणा अमेरिकन माणसाची ओळख करून द्यायची असेल, तर नुसतं पहिलं नाव सांगावं. आडनाव कळलं की संपलंच.

मागे आमच्याकडे गळका नळ बघायला प्लंबर आला होता. काका आले होते कोथिंबीर मागायला. प्लंबरच्या शर्टावर ‘कूपर’ असं वाचलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “कूपर! युवर ग्रँडफादर्स ग्रँडफादर, ही मेड बॅरल्स!” तो बिचारा हातात पाना धरून बघतच राहिला. “लाकडी पिंपं गं,” काका मला म्हणाले. “इंग्लंडच्या खेड्यात पिंपं करायचे हे लोक. म्हणजे आपलाच माणूस!” मग काय, आपल्याच माणसाला आलं घालून चहा करावा लागला. नळ दुपारपर्यंत गळत होता.

काका नोकरी करतात डेटाबेसची, पण डोक्यात सगळं दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडचं खेडं. तिथला लोहार, घोड्यांना नाल ठोकणारा, गवतानं छपरं शाकारणारा, हे सगळे अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात आपल्या अवतीभवती राहतात असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या डेंटिस्टचं आडनाव सॉयर, म्हणजे लाकूड कापणारे. “करवत पिढीजात चालवलीय, घाबरायचं काम नाही,” असं म्हणून ते निवांत दात काढून आले. मॅनेजर टेलरवर मात्र त्यांचा राग. “शर्टाचं बटण लावता येत नाही यार त्याला! आडनाव काढूनच घ्यायला पाहिजे.”

आणि या माणसाला उलट कोण काय विचारतं? “कासार? लाइक द सॅलड?” इथे ‘सीझर’ नावाचं सॅलड मिळतं ना! कॉफीच्या दुकानात कपावर गिऱ्हाइकाचं नाव लिहितात, तिथंसुद्धा सॅलडचंच स्पेलिंग. “नो सॅलड! बँगल्स!” काका दर वेळी तितक्याच जोरात सांगतात. त्यांच्या वडिलांचं वाईला बांगड्यांचं दुकान होतं. ते गेले, दुकान बंद झालं. आता उरलंय ते आडनाव.

मग जुईचं लग्न ठरलं. काकांची एकुलती एक लेक, इथेच जन्मलेली. मुलाचं नाव बेन व्हीलर.

“व्हीलर! चाकं करणारे!” काकांनी गल्लीभर सांगितलं. “आपलाच माणूस!” पण एकदा कचऱ्याचा डबा आत नेताना माझ्यापाशी थांबले. “ती व्हीलर होईल गं आता. चांगलंच आहे. पण आमचं मग... माझ्यापाशीच संपलं म्हणायचं.” “तिला विचारा ना,” मी म्हटलं. “छे! असं कुठं विचारतात?” म्हणाले आणि डबा खडखडत घेऊन गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे हिरव्या बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. काकूंनी ऑनलाइन मागवलेल्या बांगड्या आल्या नेमक्या एक माप लहान. काकूंनी साबण लावला, लोशन लावलं. “आई, आऊच! कॅन्सल कर ना हे!” जुई ओरडायला लागली.

काका स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि नव्या पॅंटसकट जमिनीवर बसले. “आण इकडं.” तिचा हात घेतला, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबला. “सैल सोड. हाताकडं बघू नको, माझ्याशी बोल. बेनला पोहे आवडतात का?” ती पोह्यांचं सांगत राहिली आणि बांगड्या एकामागून एक सरकत गेल्या. इतकी वर्षं शेजारी राहते मी, हा माणूस हे करू शकतो याचा मला पत्ता नव्हता!

एवढ्यात एक पिचली. शेजारी बसलेला बेन घाबरला. “ओह नो, इट ब्रोक!”

“नो, नो, बेन!” काकांनी हात वर केला. “बांगडी फुटली म्हणायचं नाही. वाढवली म्हणायचं. वी से... इन्क्रीज्ड!”

बेन बिचारा जमिनीवर वाढलेली बांगडी शोधायला लागला. आम्ही हसून हसून बेजार. जुई मात्र हसली नाही. काकांकडे बघत म्हणाली, “मग बाबा, मी पण माझं नाव चेंज नाही करणार. इन्क्रीज करणार. जुई कासार-व्हीलर. बेनला सांगितलंय मी.”

काकांनी मान वर केली नाही. पुढची बांगडी हातात घेतली. माझ्या डोळ्यांना तर धारच लागली.

“हात हलवू नको गं,” ते पुटपुटले. “बांगडी जाणार कशी?”

“बाबा,” जुई म्हणाली, “माझा नाही, तुझा हलतोय.”